टॉम ब्रेडी कॉलेजात फेल गेला होता म्हणे? पोस्ट शेअर करण्याआधी हे वाचा

ती पोस्ट परत फिरायला लागलीय. बहुतेकांनी वाचली असेलच, तरी थोडक्यात सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. टॉम ब्रेडी नावाचा मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये सातव्या नंबरचा क्वार्टरबॅक होता, वर्षानुवर्षं बेंचवर बसून राहिला, कोचचा त्याच्यावर विश्वास नव्हता, खेळायला मिळालं तेव्हाही काही खास केलं नाही, ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम्स दरवर्षी एकेक करून नवे खेळाडू निवडतात तिथे, १९८ जण त्याच्या आधी उचलले गेले कारण कुणालाच त्याच्यात काही दिसलं नाही, आणि मग एकट्या जिद्दीच्या जोरावर त्याने ७ सुपर बोल, म्हणजे एनएफएल या प्रो लीगच्या फायनल, जिंकले. खाली लिहिलेलं असतं की जग तुम्हाला नाकारत असेल तर हा फोटो सेव्ह करून ठेवा.

मी बरीच वर्षं अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघतोय, मिशिगनच्या मॅचेस तर विशेष, आणि ही पोस्ट आली की मला स्वस्थ बसवत नाही. ७ सुपर बोल खरे, १९९वा नंबर खरा, पण मधली जी गोष्ट आहे, कॉलेजची पाच वर्षं, ती जवळजवळ सगळी उलटी सांगितलीय. आणि माझ्या मते त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग नेमका तोच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक म्हणजे अटॅकच्या वेळी बॉल ज्याच्या हातात येतो तो, कुणाला पास द्यायचा हे दोन-तीन सेकंदात ठरवणारा. बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन, आणि बॉल किती पुढे नेला ते यार्डात मोजतात. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो. बाकीच्या जागांवर खेळाडू बदलून बदलून खेळतात, इथे मात्र एक खेळतो आणि उरलेले बघत बसतात. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

“कॉलेजात सातव्या नंबरचा होता”

हे पहिल्या वर्षाचं आहे आणि पहिल्या वर्षापुरतंच आहे. ब्रेडी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातून मिशिगन युनिव्हर्सिटीत आला, तेव्हा वय १८. मिशिगनसारख्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये नवीन आलेला क्वार्टरबॅक यादीच्या तळाशीच असतो, कारण वर दोन-तीन-चार वर्षं तिथेच घालवलेली मुलं असतात. पहिलं वर्ष त्याला रेडशर्ट केलं, म्हणजे प्रॅक्टिस करायची पण मॅच खेळायची नाही, त्या बदल्यात खेळायची चार वर्षं शाबूत राहतात. हे तिथे सर्रास करतात, चांगल्या चांगल्या मुलांना करतात. आपल्या पोस्टमध्ये मात्र ते असं येतं जणू पाचही वर्षं तो सातवाच होता.

आणि एक गोष्ट पोस्टमध्ये कधीच नसते. तो काही रस्त्यावरून उचलून आणलेला मुलगा नव्हता. सॅन मटेओच्या सेरा हायस्कूलमध्ये दोन वर्षं तो मेन टीमचा क्वार्टरबॅक होता, तिथे त्याने ३,७०२ यार्ड आणि ३१ टचडाउन पास टाकले होते, मिशिगनशिवाय बर्कली, यूसीएलए, यूएससी, इलिनॉय अशी नावं त्याच्या यादीत होती. शिवाय तो बेसबॉलमध्ये कॅचर होता आणि १९९५ च्या मेजर लीग बेसबॉल ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियल एक्स्पोजने त्याला १८व्या राउंडमध्ये निवडलं होतं. ज्या मुलाला एका खेळात प्रो टीम घेते आणि दुसऱ्या खेळात देशातल्या नामांकित कॉलेजांमधून निवड करायला मिळते, त्याला ‘कुणीही न ओळखलेला’ म्हणायचं कसं?

अडचण खरी होती, पण वेगळ्या ठिकाणी. ज्या असिस्टंट कोचने त्याला मिशिगनला आणायला धडपड केली तो दुसरीकडे निघून गेला, हेड कोच गॅरी मोलरला मे १९९५ मध्ये पद सोडावं लागलं, आणि ब्रेडी ॲन आर्बरला (मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावी) पोचला तेव्हा त्याला हवा म्हणणारं कुणी तिथे उरलंच नव्हतं. लॉइड कार नुकतेच हेड कोच झालेले. म्हणजे मुलगा कमी होता असं नव्हे, त्याची बाजू घेणारी माणसंच बदलली होती. नोकरीत असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

“वर्षानुवर्षं बेंचवर सडला”

१९९६ आणि १९९७ ही दोन वर्षं. बेंचवर होता हे खरं. पण पुढे कोण खेळत होतं ते बघा ना.

१९९६ मध्ये स्कॉट ड्राइसबाक आणि ब्रायन ग्रीसी पुढे होते. त्या वर्षी ब्रेडीने कॉलेजातला पहिलावहिला पास टाकला, यूसीएलएविरुद्ध, आणि तो इंटरसेप्ट झाला, म्हणजे समोरच्यांनी मध्येच पकडला, आणि त्यांनी थेट टचडाउनला नेला. पोस्टवाले हे आवडीने सांगतात आणि ते खरंच आहे. पण एका पासवरून किती काढायचं?

१९९७ मध्ये ग्रीसी आणि ब्रेडी यांच्यात जागेसाठी चुरस झाली आणि कारनी ग्रीसीला निवडलं, तो पाचव्या वर्षाचा सिनियर होता. ग्रीसीने काय केलं? १२ पैकी १२ मॅच जिंकल्या, १ जानेवारी १९९८ ला रोज बोल या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ हरवलं आणि मिशिगन एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरून ठरणाऱ्या क्रमवारीत) नॅशनल चॅम्पियन झालं. नंतर तो डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये गेला आणि जॉन एल्वे रिटायर झाल्यावर १९९९ मध्ये त्याच्या जागी खेळला. अशा माणसाच्या मागे दुसऱ्या नंबरवर असणं म्हणजे सडणं नाही, आणि त्याला निवडणाऱ्या कोचला आंधळा म्हणणं तर साफ अन्याय आहे. एकही मॅच न हरणाऱ्या टीममधला क्वार्टरबॅक बदलायला हवा होता असं कुणी म्हणेल का?

त्याच सीझनमध्ये ब्रेडीला अपेंडिक्सचा त्रास झाला, ऑपरेशन झालं, वजन उतरलं. ट्रान्सफर घेऊन घराजवळ बर्कलीला जायचा विचार त्याने गंभीरपणे केला, कारशी जाऊन बोललाही. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात, पण तेव्हाच्या नियमाने कॉलेज बदललं की एक सीझन बाहेर बसावं लागायचं. कारनी त्याला थांबून लढायला सांगितलं. तो थांबला.

आणि इथे एक माणूस येतो ज्याचं नाव त्या पोस्टमध्ये असायलाच हवं होतं. ग्रेग हार्डन. मिशिगनच्या ॲथलेटिक डिपार्टमेंटमध्ये खेळाडूंशी बोलायचं, त्यांना सावरायचं काम ते करायचे. ब्रेडीच्या आधी फुटबॉलपटू डेस्मंड हॉवर्डने, नंतर जलतरणपटू मायकेल फेल्प्सने त्यांचं मार्गदर्शन घेतलंय. ब्रेडी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेला की मला प्रॅक्टिसमध्ये दोन-तीनच चान्स मिळतात, बाकी सगळे दुसऱ्यांना. हार्डननी त्याला शिकवलं ते असं की जे दोन मिळतायत ते असे खेळ की उद्या तीन मिळतील, दुसऱ्याला किती मिळतात हे मोजणं बंद कर. ब्रेडीने स्वतः पुढे आयुष्यभर हे श्रेय त्यांना दिलंय. २०२४ मध्ये हार्डन गेले. ‘एकट्या जिद्दीच्या जोरावर’ हे वाक्य लिहिणाऱ्याने हा माणूसच पुसून टाकलाय, आणि मला त्या अख्ख्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त हेच लागतं.

“खेळायला मिळालं तेव्हाही काही केलं नाही”

हा मुद्दा सगळ्यात चुकीचा, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

१९९८ आणि १९९९, दोन्ही सीझन, प्रत्येक मॅचला ब्रेडी स्टार्टर. एकूण २५ मॅचेस. त्यातल्या २० मिशिगनने जिंकल्या. वीस. हा आकडा पोस्टमध्ये टाकला तर पोस्टच पडते, म्हणून तो कधी नसतो.

१९९८ ची सुरुवात वाईट झाली हे मान्य. गेल्या वर्षीची चॅम्पियन टीम, नवा क्वार्टरबॅक, आणि पहिल्या दोन मॅचेस हरले, नोत्र दामकडून ३६-२० आणि मग घरच्या मैदानावर, एक लाखाच्या वर माणसं बसतात त्या बिग हाउसमध्ये, सिराक्यूजकडून ३८-२८. सिराक्यूजकडे तेव्हा क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅब होता आणि त्याने त्या दिवशी मिशिगनच्या डिफेन्सची पार दाणादाण उडवली. त्या मॅचमध्ये मिशिगनने आपला दुसरा क्वार्टरबॅक ड्रू हेन्सनलाही उतरवलं. हेन्सन म्हणजे मिशिगनचाच पोरगा, ब्रायटन गावचा, हायस्कूलपासून ज्याच्या नावाचा गाजावाजा होता, ज्याला न्यूयॉर्क यांकीजने बेसबॉलसाठी आधीच साइन केलेलं. अशा वेळी २१ वर्षांच्या मुलाची जागा गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं.

पुढच्या ८ मॅचेस सलग जिंकल्या. त्यात पेन स्टेटला २७-०. मग ओहायो स्टेटकडून ३१-१६ हरले, पण त्या हरलेल्या मॅचमध्येही ब्रेडीने ३१ पास पूर्ण केले, तो तेव्हा मिशिगनचा एका मॅचचा रेकॉर्ड होता. बिग टेनचं (मिशिगन ज्या लीगमध्ये खेळतं तिचं) टायटल वाटून का होईना मिळालं, आणि शेवटी सिट्रस बोलमध्ये अर्कान्सासविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये मागे पडूनही ४५-३१ जिंकले. सीझन १०-३. सीझनमध्ये सगळ्यात जास्त पास टाकण्याचा आणि सगळ्यात जास्त पूर्ण करण्याचा कॉलेजचा रेकॉर्डही त्याच वर्षी त्याच्या नावावर गेला.

आता १९९९, आणि मला खरं सांगायचंय ते हेच वर्ष.

सीझन सुरू व्हायच्या आधी टीममेट्सनी त्याला कॅप्टन निवडलं. कोचने नाही, मुलांनी मतं देऊन. आणि त्याच वेळी कोचनी ठरवलं की हेन्सनलाही बसवून ठेवता येणार नाही, तर दोघांना खेळवू. म्हणजे कसं, पहिला क्वार्टर ब्रेडी, दुसरा क्वार्टर हेन्सन, आणि हाफटाइमला कार ठरवणार की सेकंड हाफ कोण खेळणार. क्रिकेटमध्ये सेट होत आलेल्या ओपनरला दहा ओव्हरनंतर परत बोलवायचं आणि लंचला सांगायचं की आता तू जायचं की तो, असं समजा. पहिल्या ७ मॅचेस हे चाललं. कॅप्टन असलेल्या माणसाला दर शनिवारी आपल्याच टीमसमोर बाकावर बसून वाट बघायची होती.

मिशिगन स्टेटविरुद्धची मॅच आठवा, म्हणजे बघितली नसेल तर शोधून बघा. आधीच्या पाच जिंकलेल्या. त्या दिवशी सेकंड हाफला कारनी हेन्सनला निवडलं. टीम १७ पॉइंट्सनी मागे पडली आणि मग ब्रेडीला परत पाठवलं, आणि त्याने मॅच इतकी ओढत आणली की शेवटी ३४-३१ वर हरले. त्या मॅचमध्ये ४१ पैकी ३० पास पूर्ण, २८५ यार्ड. पुढे इलिनॉयविरुद्ध तर २७-७ ने पुढे असताना ३५-२९ हरले, घरच्या मैदानावर. आणि त्यानंतर कारनी आलटून पालटून खेळवणं बंद केलं. आता सगळं ब्रेडीचं.

त्यापुढे ब्रेडी कॉलेजात एकही मॅच हरला नाही. इंडियाना ३४-३१. नॉर्थवेस्टर्न ३७-३. मग १३ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर, शेवटची दहाएक मिनिटं राहिलेली, स्कोअर २७-१७, आणि तो सतरा-सत्तावीसचा खड्डा ब्रेडीच्याच चुकीने पडलेला, कारण त्याच्या पासवर इंटरसेप्शन होऊन समोरच्यांनी टचडाउन केलेला. तिथून एक टचडाउन त्याने स्वतः पळत जाऊन केला, दुसरा शेवटच्या दोन मिनिटांत पास टाकून, आणि ३१-२७ जिंकले. समोर कोण होतं माहितीये? कोर्टनी ब्राउन आणि लव्हार अरिंग्टन. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर गेले ते हेच दोघं. ज्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी १९९वा गेला त्याच ड्राफ्टमधले पहिले दोन खेळाडू त्याच्या अंगावर धावून येत होते आणि त्याने त्यांच्या घरात दहा पॉइंट्सची पिछाडी भरून काढली.

मग ओहायो स्टेटला २४-१७, तेही चौथ्या क्वार्टरमध्ये पुढे जाऊन.

आणि शेवटी ऑरेंज बोल, १ जानेवारी २०००, समोर अलाबामा. मिशिगन आधी १४-० मागे, मग बरोबरी, मग परत २८-१४ मागे. दोन वेळा १४ पॉइंट्सनी मागे पडून दोन्ही वेळा ब्रेडीने भरून काढलं. ४६ पैकी ३४ पास, ३६९ यार्ड, ४ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. ओव्हरटाइममध्ये टाइट एंड शॉन थॉम्पसनला टचडाउन पास, उत्तरात अलाबामानेही टचडाउन केला पण एक्स्ट्रा पॉइंटची किक चुकली, ३५-३४. त्या अलाबामा टीममधले क्रिस सॅम्युएल्स आणि शॉन अलेक्झांडरही त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडमध्ये गेले, तिसरा आणि एकोणिसावा.

हे सगळं टीव्हीवर झालं, देशभर दिसलं. लपलेलं काही नव्हतं. तेव्हा ‘काही केलं नाही’ हे वाक्य कुठून आलं, मला खरंच कळत नाही.

“कोचचा त्याच्यावर विश्वासच नव्हता”

लॉइड कारना व्हिलन करायची फॅशन अमेरिकेतसुद्धा आहे, आपल्याकडच्या पोस्टने ती तशीच उचलली. १९९९ ची ती दोन क्वार्टरबॅकची पद्धत मलाही चुकीची वाटते, आजही वाटते, त्यात ब्रेडीचं नुकसान झालं आणि माझ्या मते टीमचंही झालं. पण विश्वास नसलेला कोच २५ च्या २५ मॅचेस त्याला सुरुवातीला उतरवत नाही. आणि ट्रान्सफर घेऊ बघणाऱ्या मुलाला थांब म्हणणारेही कारच.

हेन्सनबद्दलही एक सांगतो, कारण या गोष्टीत त्याला वशिल्याचा पोरगा करून टाकलंय. २००० मध्ये ब्रेडी गेल्यावर हेन्सन स्टार्टर झाला, सीझनच्या सुरुवातीला पायाच्या दुखापतीने बाहेर होता, परत आल्यावर त्या सीझनमध्ये १८ टचडाउन आणि फक्त ४ इंटरसेप्शन, आणि कोलंबसमध्ये जाऊन ओहायो स्टेटला ३८-२६ हरवलं. मग तो यांकीजकडे बेसबॉलला गेला, तिथे जमलं नाही, परत फुटबॉलला आला तोवर उशीर झाला होता. त्याच्यात काही नव्हतं असं अजिबात नाही. दोन्ही मुलं चांगली होती आणि जागा एक होती, एवढंच खरं आहे, आणि कोचला त्या दोघांत निवडता येत नव्हतं यात मला तरी कटकारस्थान दिसत नाही.

“१९८ जण त्याच्यापेक्षा चांगले ठरवले गेले, कुणाला काही दिसलं नाही”

१५ आणि १६ एप्रिल २००० चा ड्राफ्ट. सहावा राउंड, १९९वा पिक, न्यू इंग्लंड पेट्रियट्स. हा आकडा खरा. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले हेही खरं: चॅड पेनिंग्टन, जिओव्हानी कारमाझी, क्रिस रेडमन, टी मार्टिन, मार्क बल्जर, स्पर्गन विन. पण १९८ हा आकडा सगळ्या जागांचा मिळून आहे, त्यात डिफेन्सवाले, लाइनमन, किकरसुद्धा आले. टीमला लाइनमन हवा असेल तर ती लाइनमन घेते, याचा अर्थ तो ‘ब्रेडीपेक्षा चांगला’ ठरवला असा होत नाही.

मागे का पडला याची कारणं स्पष्ट होती. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले, उभ्या जागेवरून उडी २४.५ इंच, उंची ६ फूट ४ इंच पण अंगाने काटकुळा. शर्ट काढलेला तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. आणि जोडीला हा प्रश्न की याच्या कॉलेजने याला पूर्ण वेळ का खेळवलं नाही? स्काउट लोक ती क्वार्टरची वाटणी बघून बिचकले, असं मला वाटतं. पळण्याचा वेग मोजता येतो. १४ पॉइंट्सनी मागे असताना डोकं थंड ठेवणं कम्बाइनमध्ये कुठे मोजतात?

पण ‘कुणालाच दिसलं नाही’ हे खोटं आहे. पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक कोच डिक रीबाइन. त्या वर्षी त्यांना ब्रेडी आणि टिम रॅटे या दोघांना बघून यायचं काम दिलं होतं. ते ॲन आर्बरला गेले, त्याला खेळताना बघितलं, आणि परत येऊन ब्रेडीचं नाव लावून धरलं. ऑगस्ट २००१ मध्ये, ब्रेडी एनएफएलमध्ये एकही मॅच स्टार्ट करायच्या आधी, रीबाइन हृदयविकाराने गेले. ज्या माणसाला दिसलं होतं त्याला पुढचं काहीच बघायला मिळालं नाही, आणि आपली पोस्ट म्हणते कुणालाच दिसलं नव्हतं.

उलट बाजूची अतिशयोक्तीही नको. काही लोक सांगतात की पेट्रियट्सना आधीपासून सगळं माहीत होतं. त्यांनी त्या ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू घेतले. एवढी खात्री असती तर १९९ पर्यंत थांबले नसते.

“मग एकदम स्टार झाला”

नाही झाला. २००० च्या सीझनमध्ये पेट्रियट्सने चार क्वार्टरबॅक टीममध्ये ठेवले, जे टीम्स सहसा करत नाहीत, कारण त्याला सोडायचं नव्हतं. ड्रू ब्लेडसो स्टार, मग जॉन फ्रीझ, मायकेल बिशप आणि ब्रेडी. अख्ख्या सीझनमध्ये ब्रेडी एका मॅचमध्ये उतरला, थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइट लायन्सविरुद्ध, तीन पास टाकले, एक पूर्ण झाला, ६ यार्ड. २३ सप्टेंबर २००१ ला जेट्सच्या मो लुइसने ब्लेडसोला जबर टक्कर दिली आणि तिथून ब्रेडीला जागा मिळाली, फेब्रुवारी २००२ मध्ये सेंट लुइस रॅम्सला २०-१७ हरवून पहिला सुपर बोल. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. मात्र त्या फायनलला शेवटच्या दीड मिनिटात, स्कोअर बरोबरीत असताना, तो जसा शांतपणे टीमला पुढे घेऊन गेला ते पेन स्टेट आणि अलाबामाच्या मॅचेस बघितलेल्यांना नवीन नव्हतं.

“हेतू चांगला आहे ना, मग चुकलं तर काय बिघडलं?”

हे मला दोघा-तिघांनी म्हटलंय, म्हणून याचंही उत्तर देतो. माझा भाचा स्पर्धा परीक्षा देतोय, त्याचा एक अटेम्प्ट नुकताच गेला आणि त्याने मला हीच पोस्ट पाठवली. त्याने त्यातून घेतलं काय, तर की आपण कुठे कमी पडलो ते बघायची गरज नाही, आपल्याला फक्त ओळखलेलं नाहीये, आणि कुणाची मदत मागणं म्हणजे कमीपणा. हे दोन्ही ब्रेडीच्या बाबतीत धादांत खोटं आहे. तो हार्डनकडे स्वतःहून गेला, वारंवार गेला. कारच्या ऑफिसमध्ये जाऊन समोरासमोर बोलला. पहिला पास इंटरसेप्ट झाला, पहिल्या दोन मॅचेस हरला, पेन स्टेटविरुद्ध स्वतःच्या चुकीने दहा पॉइंट्सनी मागे गेला, आणि प्रत्येक वेळी त्याच मैदानावर, लोकांच्या डोळ्यांदेखत, ती चूक भरून काढली. पाच वर्षं हे काम चालू होतं आणि ते यशस्वी होत होतं. २५ पैकी २० जिंकणारा, पोरांनी कॅप्टन निवडलेला माणूस नापास म्हणून दाखवला की ऐकणाऱ्याला वाटतं नापास आणि अव्वल यांच्यामध्ये काही नसतंच, एक दिवस जग जागं होतं आणि संपलं.

भाच्याला मी ऑरेंज बोलची मॅच पाठवलीय, पूर्ण, हायलाइट नाही. बघून झाली की पेन स्टेटची पाठवणार आहे. तुमच्या ग्रुपवर ती पोस्ट आली तर तुम्हीही याच दोन मॅचेस टाका खाली.